सावल्यांची भिंत

“पानी कवा सुटतंय?”

आमच्या पेंटरचा हा प्रश्न. राम राम नाही, बरं आहे का नाही, माणूस समोर आला की आधी हेच. पाटाला पाणी कधी सुटणार हे एखाद्या शेतकऱ्याने विचारलं तर कोण कशाला हसेल? पण पेंटरला गुंठाभरही जमीन नव्हती. दारात एक शेवगा होता, तोसुद्धा शेजारणीच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला. त्यामुळे त्याने हे विचारलं की पारावरची माणसं एकमेकांना डोळे मिचकवायची. “पेंटर, औंदा ऊस किती लावला?” असं कुणीतरी हटकून म्हणायचं. तो मान खाली घालून ब्रश पुसत बसायचा.

मीही हसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा करायला लागले तर तुम्हाला मला तिथल्या तिथे अडवता येईल.

नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. श्रीरामपूरपासून सायकलने तासाभरावर असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात मी चित्रकला आणि मराठी शिकवत होते. शेजारच्या गावात सातवीपर्यंतच शाळा. तिथल्या मुली आठवीपासून आमच्याकडे यायच्या, सायकलवर. यायला दोन रस्ते. एक डांबरी, पण त्याच्यावरून कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या जायच्या, एकामागे एक दोन-दोन जोडलेल्या, आणि त्या रस्त्याने पोरीला एकटी पाठवायची कुणाचीच छाती नव्हती. दुसरा पाटाच्या कडेचा. कालव्याला आमच्याकडे पाटच म्हणतात; त्याला पाणी बारमाही नसतं, पाळीपाळीने सुटतं. सावली, गार वारा, वाहनांचा त्रास नाही. फक्त आमच्या गावालगत एका ठिकाणी डाव्या हाताला गोदामाची लांबच लांब भिंत आणि उजव्या हाताला पाट, आणि मधे जेमतेम दोन सायकली जातील एवढी वाट.

ही भिंत म्हणजे गावातल्या रिकामटेकड्यांचं माहेरघर. कुणी लघवीला, कुणी पत्ते कुटायला, कुणी नुसतंच येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडे बघत बिड्या ओढायला. आठवीत पटावर असलेल्या मुली नववीत दिसेनाशा व्हायला लागल्या, तेव्हा मी घरोघर गेले. मंदाची आई मला म्हणाली, “त्या भितीपाशी रोज मान खाली घालून जातीय ती, बाई. कशाला पाठवू?” मंदा म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात उंच, सगळ्यात बडबडी पोर. वर्गात तिने मान खाली घातलेली मी कधी बघितली नव्हती.

भिंत रंगवायची, हे माझ्या डोक्यातून निघालं. चांगल्या रंगवलेल्या भिंतीसमोर धोतर वर करायला माणूस लाजतो, हा माझा हिशेब. गावालाही ते पटलं. पंचायतीने चुना दिला. बायकांनी गेरू आणि नीळ आणली, कुणाच्या घरी ट्रॅक्टर रंगवून उरलेला ऑइल पेंट होता तो आला. आणि पेंटर आला.

पन्नाशीचा असेल. बौद्धवाड्यात राहायचा. शिडी वाहून वाहून एक खांदा खाली आलेला, आणि चष्म्याच्या काचांवर इतके रंगाचे ठिपके की ह्याला दिसतं तरी काय असं वाटावं. पिठाच्या गिरणीची पाटी त्याची, विहाराच्या भिंतीवरची कमळं त्याची, पंचक्रोशीतल्या ट्रॉल्यांच्या फळ्यांवरची गुलाबाची फुलं त्याचीच. पण त्याआधी तरुणपणी दहा-बारा वर्षं त्याने पाटाच्या कामावर, गवंड्यांच्या हाताखाली काढली होती. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी त्याने ब्रश हातात घेतलाच नाही. वाकून वाकून, बोटांच्या पेरांनी सगळी भिंत ठोकत गेला. मधेच कान लावायचा. बाजारात बाई मडकं वाजवून घेते तसं चाललेलं. मी म्हटलं, पेंटर, विकत घ्यायची नाहीये, रंगवायची आहे.

“आधी हिची तब्येत बघू द्या, बाई,” तो म्हणाला. मधोमध एका जागी तो बराच वेळ थांबला. मग माझ्याकडे वळून विचारलं, “पानी कवा सुटतंय?”

चित्र ठरलं होतं सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलींचं. पेंटरचा हात बसला होता तो सिनेमाच्या बोर्डांवर, श्रीरामपूरच्या एका थेटरात. त्यामुळे पहिल्या तीन मुली भिंतीवर आल्या त्या एक भुवई वर केलेल्या, ओठ लालभडक आणि गालावर तीळ. मंदाची आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “ही कोन म्हनायची? आमची मंदा इतकी गोरी कवा झाली?” बायका हसून हसून खाली बसल्या. पेंटरने निमूटपणे ओलं फडकं घेतलं आणि तिन्ही नट्या पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच येऊन बसला होता. भिंतीचं तोंड पूर्वेला. शाळेच्या वेळेला पाटावरून ऊन येतं आणि जाणाऱ्या माणसाची सावली स्वच्छ भिंतीवर पडते. पेंटरने पहिल्या पोरीला थांबवलं, सायकलसकट. “हालू नको गं. सावली हालती.” आणि कोळशाने सावलीची कड काढून घेतली. वेणी, दप्तर, चाकं, घंटी, सगळं तिचं तिचं. चेहरा नाही, पण लांबून बघून कुणीही सांगावं की ही अमक्याची पोरगी. दुपारी त्या पोरीची आई यायची आणि आपल्या लेकीची सावली आपल्या हाताने रंगवायची. कुणी जांभळी केली, कुणी पिवळी, एकीने लुगड्यासारखे काठ काढले. पंधरा दिवसांत तीसेक मुली भिंतीवरून ओळीने शाळेला निघाल्या. पत्तेवाले आपोआप उठून गेले. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

एकटी मंदाची आजी तेवढी नाराज. “जित्या पोरीची सावली भितीला बांधून ठिवू न्हाई,” ती म्हणायची. पेंटर तिच्याशी वाद घालायचा नाही. मंदाचं त्याने शेवटपर्यंत लांबवलं. शेवटी मंदाच हट्टाला पेटली तेव्हा जागा उरली होती ती एकच, भिंतीच्या मधोमध. तिथे वरून खालपर्यंत एक बारीक तड गेलेली होती. ती मंदाच्या सावलीच्या मानेपासून सायकलच्या चाकापर्यंत आली.

तड गेली म्हणून घाबरायचं, असं आमच्याकडे नसतं. सगळी काळी माती. उन्हाळ्यात जमीन फाटते, भिंती उघडतात, पावसाळ्यात मिटतात. माझ्या वर्गाच्या भिंतीत मुलं पेन्सिली ठेवायची. मी पेंटरला तेच सांगितलं. तो म्हणाला, ही तड उन्हाची नाही, बाई, ही पाण्याची. पाटाला पाणी आलं की उघडते, पाणी बंद झालं की तशीच राहते, पुढच्या पाण्याला आणखी उघडते. आणि मला हाताला धरल्यासारखं गोदामाच्या फाटकातून आत नेऊन दाखवलं. बाजारतळ सपाट केला तेव्हाचा सगळा मुरूम भिंतीला आतून टेकवून टाकलेला होता, डोक्याच्या वर गेलेला. “वझं आतनं ढकलतंय,” तो म्हणाला, “आन् खाली पाया पाटाच्या पान्यानं भिजतोय.”

मग त्याने गणपती करणाऱ्यांकडून थोडं प्लॅस्टर आणलं आणि तडेवर आडव्या, पुरीएवढ्या टिकल्या बसवल्या. भिंत हलली तर टिकली मोडते, नाही हलली तर नाही. इतकं साधं. शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं, कोणत्या पाण्याच्या वेळी बसवली ते. दिवाळीनंतरच्या पहिल्या पाण्याला टिकली मोडली. त्याने तिच्याखाली दुसरी बसवली. पुढच्या पाण्याला तीही मोडली. तिसरी बसवली. त्याच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला.

तो सरपंचाकडे गेला. सरपंच म्हणाले, तू फुलं काढ. गोदामवाल्यांनी सांगितलं, भिंत आमच्या आज्याच्या वेळची आहे, तुझ्या-माझ्यानंतरही उभी राहील. मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, पाणी असेल तोवर पोरींना इथून आणू नका. मी विचारलं, मग कुठून आणू? तो म्हणाला, वरच्या अंगाच्या पुलावरून, पलीकडच्या काठाने. म्हणजे अर्धा तास जास्त, आणि तिकडे मळे, एकही घर नाही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सव्वीस जानेवारी होऊ दे, मग बघू, असं म्हटलं. त्या दिवशी चित्राचं उद्घाटन होतं आणि तालुक्याचे साहेब यायचे होते.

आता माझी करणी सांगते.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, पेंटर दुसऱ्या गावी पाटी रंगवायला गेला होता. मी पातेलीभर सिमेंट कालवलं. टिकल्या खरवडून काढल्या, तड भरून घेतली, वर रंग दिला. चित्र खराब दिसत होतं हे एक. पण खोटं कशाला बोलू, ते कारण नव्हतं. साहेबांनी टिकल्या बघितल्या असत्या, विचारलं असतं, तर वाट बंद झाली असती. आणि वाट बंद म्हणजे शाळा बंद, हे मला त्या तीसही आयांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मी हात धुतले आणि लांब जाऊन बघितलं. मंदाची सावली आता मानेपासून चाकापर्यंत सलग दिसत होती.

साहेब खूश झाले. भाषणं झाली, पेढे वाटले. पेंटरला टोपी आणि नारळ दिला. तो घेताना त्याचं लक्ष साहेबांकडे नव्हतं, भिंतीकडे होतं. माणसं पांगल्यावर तो मंदाच्या सावलीपाशी गेला आणि अंधारात सुई शोधावी तशी बोटं फिरवत राहिला. मग माझ्यापाशी आला.

“टिकल्या कुनी काढल्या?”

“मी.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. दोन शब्द मीही ऐकवले असते. पण त्याने नुसतं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“मग आता मला कळायचं कसं, बाई?” तो म्हणाला.

त्याने पुन्हा टिकली बसवली. फेब्रुवारीतलं पाणी आलं आणि गेलं, टिकली शाबूत. मी त्याला ते मोठ्या तोऱ्यात दाखवलं. तो म्हणाला, ती तुमच्या सिमेंटवर बसली आहे, भिंतीवर नाही. तड आता दुसरीकडून वाट काढील आणि कुठून काढतेय ते मला दिसत नाही. तेव्हापासून पाटाला पाणी असलं की तो रोज सकाळी वाटेत शिडी आडवी टाकायचा. मुली शिडीमागे सायकली धरून उभ्या. हा भिंतीला उजवा तळवा लावून उभा, ताप बघतात तसा. आणि मग एकेकीला हाक मारायचा. “ये गं बाय, नीट ये.” एक पार झाली की दुसरी. मुलींना त्याची मजा वाटायची. त्याची हाक त्या वर्गात हुबेहूब काढून दाखवायच्या, आणि मंदाची नक्कल तर अशी की मीही हसू दाबायची. पण त्याच्या हाकेशिवाय एकही पोर पाऊल पुढे टाकायची नाही. माझं त्यांनी इतकं कधी ऐकलं नाही.

आणि रोज पहिला तास बुडायचा. मुख्याध्यापक मला बोलायला लागले. गावात कुजबुज सुरू झाली, भिंत पडणार आहे म्हणे. दोन आयांनी मुलींना घरी ठेवलं. माझं डोकं फिरलं. मार्चच्या शेवटी मी पेंटरला त्या वाटेवरच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही पोरींना घाबरवता, म्हटलं, वर्षभर मी जे केलं त्याच्यावर पाणी ओतताय, पोरी घरी बसतील त्या तुमच्यामुळे.

“बसू द्या,” तो म्हणाला. “घरी बसल्याली पोरगी परत शाळंत येती, बाई.”

मी म्हटलं, उद्यापासून इथे शिडी दिसता कामा नये. तुमचं काम संपलं.

त्याने शिडी उचलली, त्या खाली आलेल्या खांद्यावर घेतली. चार पावलं गेला आणि थांबला.

“उन्हाळी पानी कवा सुटतंय?”

पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, आदल्याच दिवशी शाळेत येऊन सांगून गेला होता. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात. मला वार माहीत होता.

“मला काय माहीत,” मी म्हटलं.

ती भिंत आता नाही. त्या जागी तारेचं कुंपण आहे आणि वाट रुंद झाली आहे. मुली अजूनही तिथूनच जातात. मी निवृत्त होऊन श्रीरामपूरला राहायला आले, तरी पाटाला पाणी सुटायच्या दिवसांत मला घरात बसवत नाही. भाजीवालीला विचारते, दूधवाल्याला विचारते. तीही हसतात. मला शेती नाही हे त्यांना ठाऊक आहे.

तर त्या वर्षीचा, नववीच्या पहिल्या पेपरचा दिवस. पाणी पहाटे आलं होतं. मी सकाळी लवकरच सायकल काढली. मनात एकच, आज पेंटरने शिडी टाकली असली तर ती उचलून पाटात फेकायची आणि मुलींना माझ्या डोळ्यांदेखत पुढे घालून आणायचं. परीक्षेला उशीर मी खपवून घेणार नव्हते. वाटेत त्याला सुनवायची वाक्यंसुद्धा जुळवत होते.

वळणाच्या अलीकडे होते तेव्हा आवाज आला. ट्रॉलीतून दगड ओतल्यासारखा, पण लांबलेला. मग पाण्याचा.

मी पोचले तेव्हा धूळ खाली बसत होती. भिंतीचा मधला भाग नव्हताच. वाटेवर दगड आणि मुरुमाचा ढीग पडला होता, थेट पाटात गेलेला, आणि पाणी तांबडं होऊन ढिगाला वळसा घालून चाललं होतं. दगडांवर कुठे जांभळा रंग, कुठे पिवळा, कुठे अर्धं चाक. मंदाची सावली कुठे होती ते ओळखू येत नव्हतं.

ढिगाच्या पलीकडे शिडी होती. वाटेत आडवी, नेहमीसारखी. तिच्यामागे मुली सायकली धरून उभ्या होत्या. मी एकेक चेहरा मोजला. पुन्हा मोजला. दोन कमी भरल्या; त्या दोघी माणसं बोलवायला मागे आपल्या गावात पळाल्या होत्या. बाकीच्या सगळ्या होत्या. कुणी रडत नव्हतं, कुणी जागची हलत नव्हतं. सगळ्यात पुढे मंदा. शिडीच्या एका टोकाला सव्वीस जानेवारीची ती टोपी अडकवलेली होती.

मी ओरडले, मागे जा, उरलेली भिंतही पडेल, तुमच्या गावाकडे फिरा सगळ्या. कुणी हललं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले.

“बाई,” मंदा म्हणाली, “पेंटरकाका टिकली बघायला गेल्यात. त्यांनी हाक मारल्याबिगर हालायचं न्हाई.”

मी त्या ढिगाकडे बघितलं. पाणी तसंच चाललं होतं. मुली माझ्याकडे नाही, माझ्या पायाशी पडलेल्या त्या दगडांकडे बघत होत्या, कान देऊन.

शेवटी मी त्याच्यासारखी हाक मारली, एकेकीचं नाव घेऊन. जा गं बाय, नीट जा.

तेव्हा कुठे त्यांनी सायकली वळवल्या.